टिकलीखालचा डाग

माझ्या मावशीच्या कपाळावर, बरोबर टिकलीच्या जागी, एक पांढरा डाग आहे. सुरुवातीला मसुरीएवढा होता, आता जुन्या आठ आण्याएवढा झाला आहे. बारा-तेरा वर्षं तो कुणाच्या नजरेस पडला नाही, कारण मावशी तो टिकलीनेच झाकायची. डाग वाढला की टिकलीचा आकार वाढायचा. एकेकाळी बारीक टिकली लावणारी मावशी हळूहळू ठसठशीत टिकलीवर आली आणि घरातली माणसं म्हणायची, "वयानुसार हिला मोठी टिकली छान दिसते." तिने कुणाला काही सांगितलं नाही. घरात लग्नाची मुलगी होती, आणि पांढरा डाग म्हटलं की लोकांच्या तोंडी एकच शब्द येतो : कोड. मुलीचं लग्न झालं, नातू झाला. मग एकदा माझ्यासमोर तोंड धुताना तिने सवयीने टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवली आणि मला तो डाग दिसला. "मावशी, हे काय गं?" म्हटलं तर तिने हाताने कपाळ झाकलं.

त्वचारोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो टिकलीबद्दलच. टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल नावाचं रसायन असू शकतं. गोंद चिवट व्हावा म्हणून जी रेझिनं वापरतात, त्यांतून ते येतं, आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना ते मारक ठरतं. टिकली रोज त्याच जागी बसते, दहा-बारा तास, वरून घाम. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण ज्यांना होतो त्यांचा रंग तिथून जातो आणि पुष्कळदा परत येत नाही. २००९ साली कोलकात्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी रसायनांमुळे असे पांढरे डाग पडलेल्या ८६४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चिकट टिकलीचा वाटा १२ टक्के होता आणि केसांच्या डायचा सर्वांत मोठा, सुमारे २७ टक्के. म्हणजे मावशीचा डाग वैद्यकाला नवा नव्हता. नवा होता तो फक्त मावशीला, आणि आम्हा सगळ्यांना.

मला या डागापेक्षा त्या झाकण्याबद्दल बोलायचं आहे. ज्या गोंदाने डाग पडला, तोच गोंद बाईने बारा वर्षं रोज सकाळी त्याच जागी लावला, कारण तोंड उघडण्यापेक्षा टिकली मोठी करणं तिला सोपं होतं. बायकांच्या सौंदर्यप्रसाधनांत काय काय असतं आणि त्यातलं सुरक्षित काय, याची चर्चा आता बरीच होते. पॅराबेन, सल्फेट, सिलिकॉन हे शब्द कॉलेजातल्या मुलींच्या तोंडी असतात. पण माझं ठाम मत झालं आहे की घटकांच्या याद्या पाठ करून हा प्रश्न सुटणार नाही. नटण्याबद्दल बाईच्या मनात जी लाज आपण पेरून ठेवली आहे, ती या विषाची सगळ्यात मोठी राखणदार आहे. ती लाज जाईपर्यंत बाजारातली घातक क्रीमं पकडली जाणार नाहीत.

लाज कशी पेरली जाते ते आपल्या भाषेतच दिसतं. तोंडाला रंग फासणं, थोबाड रंगवणं, नट्टापट्टा, मुरडणं : बाईच्या साजशृंगारासाठी आपल्याकडे हे शब्द तयार आहेत. आणि त्याच वेळी बाईने नटलंच पाहिजे हा आग्रहही आहे. टिकली नसली की "कपाळ मोकळं का गं?" असं विचारणारी बाई लिपस्टिक गडद झाली की "कुठे निघालीस एवढी?" असंही विचारते. नटण्यावरचा हक्क तर कायम दुसऱ्याच्या हातात. नवरा गेला की कुंकू पुसलं जायचं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनाही त्याच वाटेने जायला सांगितलं. एका बाईच्या कपाळावर लाल ठिपका असावा की नसावा, यासाठी ग्रामसभा भरवावी लागते. मग कोणती क्रीम लावली हे बाई डॉक्टरला मोकळेपणाने सांगेल, अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

मी स्वतः सांगितलं नव्हतं.

सव्वीस वर्षांची असताना माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. भावाचं लग्न दोन महिन्यांवर होतं. कुणीतरी एका ट्यूबचं नाव सांगितलं, मी मेडिकलमध्ये गेले, काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी मागितली नाही, उलट "रात्री लावा, पंधरा दिवसांत फरक" असा सल्लाही दिला. फरक आठ दिवसांत पडला. चेहरा उजळला, मऊ झाला, पुरळ गेलं. लग्नात सगळ्यांनी विचारलं काय लावतेस. मी म्हटलं, बेसन आणि साय. ट्यूब संपली आणि चौथ्या दिवशी चेहरा पेटला. लाल, खाजरा, उन्हात गेलं की निखारा ठेवल्यासारखा. पुन्हा ट्यूब आणली, पुन्हा शांत झाला. असं दीड वर्ष. शेवटी गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या आणि हनुवटीखाली लव वाढली, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "चेहऱ्याला काय लावता?" मी म्हटलं, "काही नाही." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बंद केल्यावर वाढतं का?" तेव्हा मला रडू आलं.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. वांगांवर त्वचारोगतज्ज्ञ हे मिश्रण देतात, पण मोजके आठवडे आणि नजरेखाली. स्टेरॉइड त्वचेची आग विझवतं म्हणून सुरुवातीला चेहरा इतका सुंदर दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसतात, मुरुमं येतात, आणि थांबवलं की सगळं दुपटीने उसळतं. त्या उसळण्यामुळेच बाई परत दुकानात जाते. देशातल्या १२ केंद्रांवर झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण असं स्टेरॉइड चेहऱ्याला लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टरने सुचवलेलंच नव्हतं. मैत्रीण, शेजारीण, पार्लर, मेडिकल. २०१८ साली केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइड मलमांची सवलत काढून घेतली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं कागदावर पक्कं झालं. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात त्याने काय बदललं, हे प्रत्येकीने स्वतः आठवून पाहावं.

तरी स्टेरॉइडची ट्यूब बरी म्हणावी, असं एक प्रकरण आहे. ट्यूबवर निदान काय आहे ते छापलेलं असतं. चिठ्ठीचं औषध असल्याची लाल रेघ असते. वाचणाऱ्याला वाचता येतं. पाऱ्याच्या क्रीमवर बहुधा काहीच नसतं.

पारा त्वचा गोरी करतो हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार व्हायला एक एन्झाइम लागतं, पारा त्याचं काम अडवतो. परिणाम झपाट्याने दिसतो, आणि पारा स्वस्त आहे. म्हणून चोरट्या क्रीमवाल्यांना तो प्रिय आहे. पण त्वचेतून तो रक्तात जातो आणि रक्तातून मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंडाची बारीक चाळणी बिघडते आणि शरीरातली प्रथिनं लघवीवाटे गळायला लागतात. लघवीला साबणासारखा फेस येतो, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी घोट्यावर सूज, सँडलचा पट्टा रुततो. बाई म्हणते, उभं राहून राहून पाय सुजतात. शिवाय आई जी क्रीम लावते ती तिच्या हातांतून, गालांतून, टॉवेलमधून मुलांपर्यंतही पोचते.

अकोल्यातल्या एका घरात आई आणि दोन मुली अशा तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलं. एका घरातल्या तिघींना एकाच वेळी असा आजार का व्हावा, याचा शोध मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी घेतला आणि धागा घरात वापरल्या जाणाऱ्या एका क्रीमपर्यंत गेला. तपासणीत पारा सापडला. त्याच सुमारास केरळात, मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथे, मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना हेच दिसत होतं. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे, म्हणजे मूत्रपिंडाची चाळणी बिघडण्याच्या एका आजाराचे, २२ रुग्ण आले. त्यांतल्या १५ जणांच्या मूत्रपिंडात या आजाराचा एक विशिष्ट, एरवी विरळा दिसणारा प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरत असल्याचं कबूल केलं. हे निष्कर्ष 'किडनी इंटरनॅशनल' या नियतकालिकात आले. यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की क्रीम बंद केल्यावर बहुतेक रुग्ण सुधारले.

'कबूल केलं' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. तो गुन्ह्याचा शब्द आहे, आणि अशा वेळी ओठांवर तोच येतो. अकोला काय, कोट्टक्कल काय, दोन्हीकडे रोगाचं मूळ सापडलं कारण डॉक्टरांनी विचारलं, आणि विचारल्यावर बायका बोलल्या. आपल्या ओपीडीत विचारतं कोण? तंबाखू खाता का, दारू घेता का, घरात कुणाला मधुमेह आहे का, कुठलं गावठी औषध घेतलं का, हे विचारतात. सूज घेऊन आलेल्या पस्तिशीच्या बाईला "चेहऱ्याला काय लावता?" असं विचारणारा डॉक्टर मला तरी अजून त्वचारोगाच्या खोलीबाहेर भेटलेला नाही. तो प्रश्न चिल्लर वाटतो. बायकी वाटतो. आणि तिलाही सांगावंसं वाटत नाही, कारण सांगितलं की शेजारी बसलेला नवरा म्हणणार, "सांगितलं होतं ना, हे असले चाळे नको करू."

हा 'चाळे' शब्द रोगाला दोन-तीन वर्षं जास्त जगवतो.

कायदा नाही असं मात्र नाही. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवती लावायची उत्पादनं सोडली तर इतर प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही. शिसं आणि आर्सेनिक यांच्या रंगांना बंदी आहे. जपानमधल्या मिनामाता गावाच्या उपसागरात कारखान्याने पाऱ्याचं सांडपाणी सोडलं, मासे खाऊन माणसं लुळी झाली, त्या गावाच्या नावाने पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २०१८ साली मान्य केला. २०२३ साली जिनिव्हाच्या बैठकीत सदस्य देशांनी करारातली तशीच एक भागाची सूटही काढली : पारा घातलेलं कुठलंही सौंदर्यप्रसाधन २०२५ नंतर बनवायचं नाही, आणायचं नाही, बाहेर पाठवायचं नाही. कागदावर सगळं आहे. पण सोनेरी झाकणाची, कुठल्याशा परदेशी लिपीतली, आयात नोंदणी क्रमांक नसलेली डबी पार्लरच्या खणातून, स्टेशनबाहेरच्या गाळ्यातून आणि मोबाइलवरून घरपोच मिळते.

तपासणी किती संथ असते याचं एक उदाहरण मुंबईतलंच आहे. मुलुंडच्या कारखान्यात तयार झालेल्या एका बेबी पावडरचे नमुने अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या अखेरीस घेतले. कारवाईचे आदेश निघाले २०२२ च्या सप्टेंबरमध्ये. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले आणि या दिरंगाईवर कडक शब्दांत बोट ठेवलं. पावडर सदोष होती की नव्हती हा माझा मुद्दा नाही. बाळाच्या अंगाला लावायच्या वस्तूबद्दल शंका आली, तर उत्तर चार वर्षांनी मिळावं? तेवढ्या काळात बाळ शाळेत जायला लागतं. ही गोष्ट मोठ्या, नोंदणीकृत, पत्ता असलेल्या कारखान्याची. पत्ताच नसलेल्या डबीमागे कोण जाणार?

इथे मला नेहमी एक उत्तर मिळतं. लेबल वाचा, जागरूक ग्राहक व्हा. मी लेबल वाचते, आणि वाचावंच असं म्हणते. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, त्यामुळे यादीतली पहिली चार-पाच नावं कळली तरी बाटलीत मुख्यतः काय आहे ते समजतं. परवान्याचा क्रमांक, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, आयात माल असेल तर नोंदणी क्रमांक आणि आणणाऱ्याचं नाव, या चार गोष्टी नसतील तर वस्तू दुकानातच ठेवून यावी. यादीत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी, मर्क्युरिओ यातलं काही दिसलं तर तो पारा आहे. 'चांदीच्या, सोन्याच्या दागिन्यांना लावू नका' अशी सूचना असेल तरी सावध व्हावं, पारा दागिन्यांना धरतो.

पण आपल्या नियमांतच घटकांच्या यादीला एक सवलत आहे. द्रव पदार्थ साठ मिलिलिटरपेक्षा कमी आणि घट्ट किंवा मलमासारखा पदार्थ तीस ग्रॅमपेक्षा कमी असेल तर यादी छापलीच पाहिजे असं नाही. आता आपल्या ड्रेसिंग टेबलाचा खण उघडून बघा. काजळ, लिपस्टिक, आयलायनर, कुंकवाची बाटली, पंचवीस ग्रॅमची ट्यूब, शांपूची पुडी : सगळं या मापाखाली. काही कंपन्या तरीही यादी छापतात, ही त्यांची चांगली गोष्ट. पण जी वस्तू थेट ओठांवर आणि पापणीत जाते, आणि जी हातावर पोट असलेली बाई पाच-दहा रुपयांत विकत घेते, तिच्यावरच सवलत का? ज्या बाईला वाचायला काही दिलंच नाही, तिला "वाचून घ्यायला हवं होतं" म्हणणं हा अन्याय आहे. आणि ज्यांनी छापलं आहे त्यांनी इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. स्टेरॉइडच्या ट्यूबवर तरी "डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला लावू नये" एवढं एक वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरात का असू नये?

दुसरं उत्तर मिळतं ते आयुर्वेद, हर्बल, केमिकल-फ्री असं. मला आजीच्या फणेरपेटीची माया आहे. तिच्या खणातली मेणाची डबी, कपाळावर बोटाने आधी मेण आणि मग त्यावर गोल रेखलेलं कुंकू, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते कुंकू हळदीवर लिंबू, तुरटी आणि टाकणखार यांची प्रक्रिया करून व्हायचं. आज प्लॅस्टिकच्या बाटलीत येणारा लालभडक द्रव आणि ते कुंकू यांचं नाव सोडून काही सारखं असेलच असं नाही, पण नावामुळे विश्वास मात्र तोच बसतो. 'हर्बल' शब्दाचंही तसंच. पारा आणि शिसं जमिनीतूनच येतात. सुरमा पिढ्यान्‌पिढ्या गॅलेना या शिशाच्या खनिजापासून झाला आहे. लिंबाचा रस चोळून उन्हात गेलं तर कातडी भाजते आणि महिनोन्‌महिने काळी राहते. खरी मेंदी केशरी ते विटकरी रंगते आणि त्याला काही तास लागतात. अर्ध्या तासात काळीकुट्ट चढली तर त्यात बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी हे रसायन आहे. लग्नात मुलीच्या हातावर एकदा फोड आले तर पुढे चाळिशीत केस रंगवताना तिचे डोळे मिटतील इतका चेहरा सुजू शकतो, कारण शरीर त्या रसायनाला विसरत नाही. आणि घरी काढलेला कोरफडीचा गर फ्रिजमध्येसुद्धा आठवडाभरात बुरशी धरतो. क्रीममध्ये टिकवण्यासाठी काहीतरी घालावंच लागतं, त्याला घाबरून बिनटिकाऊ डब्या घेणाऱ्या मुलींना मी हे आवर्जून सांगते.

मग लावायचं काय? हे मी थोडक्यात सांगते, कारण खरं उत्तर साधं आहे. सौम्य साबण किंवा फेसवॉश, ग्लिसरीन किंवा पेट्रोलियम जेली असलेलं साधं मॉइश्चरायझर, आणि उन्हापासून बचाव. वांगांसाठी तर उन्हापासून बचाव हाच निम्मा उपचार. आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन त्यात जास्त कामाचं, कारण नुसता दिवसाचा उजेडही वांग गडद करतो. पुण्यात दुचाकीवरच्या मुली नखशिखान्त स्कार्फ बांधतात म्हणून त्यांची थट्टा होते, माझ्या मते त्या शहाण्या आहेत. डागांसाठी नियासिनामाइड, अझेलिक ॲसिड असे घटक आहेत, सावकाश काम करतात, महिने लागतात. गरोदरपणी रेटिनॉल असलेल्या क्रीमच्या वाटेला जाऊ नये. नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहावी. आणि आठ दिवसांत रंग उजळणारी कुठलीही वस्तू औषध तरी असते किंवा विष तरी.

पण मी मूळ मुद्दा सोडणार नाही. "एवढा धोका आहे तर नटताच कशाला, खरं सौंदर्य मनाचं" असं म्हणणारे मला भेटतात, आणि "मेकअप ही पुरुषांनी लादलेली गुलामी" म्हणणाऱ्या मैत्रिणीही भेटतात. दबाव आहे, हे मी नाकारत नाही. गोरेपणाच्या सर्वांत खपाच्या क्रीमने ४५ वर्षांनी, २०२० साली, नावातला 'फेअर' शब्द काढला आणि 'ग्लो' घातला. आपल्या बायोडेटातला 'वर्ण' हा रकाना अजून तसाच आहे आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ असं लिहिलं जातं. 'सावळा' लिहायची वेळ आली की रकाना रिकामा सोडतात. तो रकाना आईबापांनी आजच्या आज खोडला तर पाऱ्याची निम्मी गिऱ्हाईकं कमी होतील, असं मला खरंच वाटतं.

तरी नटणं म्हणजे केवळ दबाव नव्हे. तमाशाच्या फडात रात्र-रात्र चेहऱ्यावर जाड थर घेऊन नाचणारी कलावंतीण आणि मॉलमध्ये आठ तास फाउंडेशन लावून उभी राहणारी सेल्सगर्ल, यांचा मेकअप हे त्यांच्या कामाचं साधन आहे, गिरणीतल्या कामगाराच्या मास्कसारखं. त्याच्या सुरक्षिततेचा विचार कामगाराच्या सुरक्षिततेसारखाच व्हायला हवा. आणि ज्या बाईला दिवसभरात स्वतःसाठी मिळणारी पाच मिनिटं आरशासमोरचीच असतात, तिचा आनंद खरा आहे. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात ती बोलू शकत नव्हती, पण मी लिपस्टिक हातात घेतली की ओठ पुढे करायची. त्या आनंदाला कमी लेखणाऱ्या कुणालाही तिच्या ओठांवर काय लागतं याची काळजी करता येणार नाही. काळजी आदरातून येते. ज्या गोष्टीला आपण चाळे म्हणतो, तिच्यासाठी प्रयोगशाळा उभ्या राहत नाहीत, नमुने घेतले जात नाहीत, विधानसभेत प्रश्न विचारला जात नाही.

मागच्या वर्षी माझ्या मामेबहिणीच्या पायांना सूज आली. फोनवर मी विचारलं, "लघवीला फेस येतो का?" ती म्हणाली, येतो. मी विचारलं, "चेहऱ्याला काय लावतेस?" पलीकडे शांतता. मी तिला माझ्या दीड वर्षाची गोष्ट सांगितली, बेसन आणि सायीच्या खोट्यासकट. मग ती बोलली. पार्लरवाल्या ताईंनी दिलेली, सोनेरी झाकणाची, नाव नसलेली डबी होती. "आत्ताच फेकून देते," ती म्हणाली. मी म्हटलं, "फेकू नकोस. लावायची बंद कर, झाकण घट्ट लाव, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल आणि उद्या डॉक्टरकडे जाताना बरोबर ने. त्यांनी नाही विचारलं तरी टेबलावर ठेव. आणि भाऊजी बरोबर असले तरी ठेव."

तिने ठेवली. डॉक्टरांनी रक्तातला पारा तपासायला लिहून दिला, आणि मग त्यांनीच विचारलं, घरात आणखी कोण कोण लावतं? तिची सासू दाराशी बसली होती. ती उठून आत आली.